फ्रीहँडच्या जागी काय? पुण्यातल्या एका नकाशाकाराने पारखलेले पर्याय

राजगडाचा नकाशा मी पहिल्यांदा २००४ साली फ्रीहँड एमएक्स या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला. मधला बालेकिल्ला, त्याच्याभोवतीच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, गुंजवण्याहून चोरदरवाज्याने वर येणारी वाट, पाली दरवाज्याची जुनी पायऱ्यांची वाट आणि या सगळ्याखाली तपकिरी समोच्च रेषांचे जाळे असे त्याचे स्वरूप आहे. पुण्यातल्या गिर्यारोहकांचा एक गट दर दोन-तीन वर्षांनी आपली पुस्तिका नव्याने छापतो आणि त्या वेळी हा नकाशाही सुधारून मागतो. कुठे नवा रस्ता झालेला असतो, कुठे पाण्याचे टाके बुजलेले असते. इतकी वर्षे हे काम मी सदाशिव पेठेतल्या घरी, केवळ फ्रीहँडसाठी जपून ठेवलेल्या एका जुन्या संगणकावर करत आलो. गेल्या पावसाळ्यात तो संगणक कामाच्या मध्येच दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा तो सुरू होईलच याची खात्री उरली नाही, तेव्हा अनेक वर्षे पुढे ढकललेला प्रश्न मी हाती घेतला. फ्रीहँडच्या जागी आज कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि मराठी अक्षरे घेऊन छपाईपर्यंत जाणाऱ्या कामाला त्यातले कोणते खरोखर पुरे पडते, हा तो प्रश्न. तीन महिने मी वेगवेगळे पर्याय वापरून पाहिले, त्यांचे हे परीक्षण आहे.

फ्रीहँड कसे संपले हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण माझ्या निवडीवर त्या इतिहासाचा परिणाम झाला आहे. टेक्सासमधल्या आल्टसिस कंपनीने तयार केलेले हे सॉफ्टवेअर ऑल्डसने १९८८ साली बाजारात आणले. १९९४ साली अडोबीने ऑल्डस विकत घेतली. त्या वेळी अडोबीचे इलस्ट्रेटर आणि त्याचे प्रतिस्पर्धी फ्रीहँड एकाच मालकाच्या हाती जाऊ नयेत म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फ्रीहँडचे हक्क आल्टसिसकडे परत करायला लावले, आणि पुढच्या वर्षी मॅक्रोमीडियाने आल्टसिस घेतली. २००५ च्या अखेरीस अडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली आणि अकरा वर्षांपूर्वी टळलेली गोष्ट घडून आली. २००३ ची एमएक्स ही शेवटची मोठी आवृत्ती ठरली आणि पुढे विकास होणार नाही हे मे २००७ मध्ये जाहीर झाले. वापरकर्त्यांच्या एका संघटनेने २०११ साली मक्तेदारीविरोधी दावा लावला, तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला, पण फ्रीहँड परत आले नाही. त्याच २०११ साली ॲपलच्या लायन या प्रणालीतून रोझेटा ही जुने प्रोग्रॅम चालवणारी सोय काढून टाकण्यात आली आणि पॉवरपीसी या जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेले फ्रीहँड नव्या मॅकवर चालेनासे झाले. माझ्यासारख्यांच्या शेकडो फाइली ज्या बंदिस्त स्वरूपात होत्या, त्याला वारस उरला नाही. चित्र माझे असले तरी ते उघडण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता, ही जाणीव मला त्या काळात फार तीव्रतेने झाली.

नव्या सॉफ्टवेअरकडून माझ्या अपेक्षा तीन होत्या. त्यात युनिकोड या सर्वत्र सारख्या अक्षरसंकेतातली देवनागरी निर्दोष जुळली पाहिजे, नारायण पेठेतला छापखाना विनातक्रार घेईल अशी चार रंगांची पीडीएफ तयार झाली पाहिजे, आणि जुन्या फाइलींमधले निदान रेखाकाम तरी वाचवता आले पाहिजे. फ्रीहँडमधल्या सोयी, म्हणजे एकाच फाइलीत वेगवेगळ्या आकारांची पाने ठेवणे, एका आकृतीच्या आत दुसरी पेस्ट करणे, रेषांचे गुणधर्म शोधून एकदम बदलणे, या मला प्रिय होत्या. परंतु त्यांच्याशिवाय काम थांबत नाही. अक्षरे चुकली तर मात्र थांबते.

देवनागरीसाठी मी एक चाचणीपान तयार केले आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तेच चिकटवले. त्यावर ‘कऱ्हा’, ‘पायऱ्या’, ‘डोंगरदऱ्या’, ‘सह्याद्री’, ‘किल्ल्याची’, ‘विंझर’, ‘आचार्य’, ‘ज्ञानेश्वर’, ‘उद्ध्वस्त’, ‘शृंगार’ असे शब्द होते. ‘आचार्य’मधला रफार आणि ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र हे वेगळे दिसले नाहीत, तर ते सॉफ्टवेअर मराठीच्या कामाचे नाही. हिंदीला या अर्ध्या र ची गरज फारशी पडत नाही, त्यामुळे केवळ ‘भारतीय भाषांना पाठबळ आहे’ या जाहिरातीवर विसंबून मराठी माणसाचे भागत नाही. युनिकोडमध्ये हा र नुक्ता असलेल्या ‘ऱ’ पासून घडतो आणि त्यापुढे हलन्त व पुढचे व्यंजन येते. हा क्रम ओळखून योग्य आकृती निवडण्याचे काम सॉफ्टवेअरमधल्या अक्षरजुळणी यंत्रणेचे असते.

सर्वप्रथम मी अफिनिटी डिझायनरची दुसरी आवृत्ती पाहिली, कारण तिच्याविषयी फ्रीहँडची जुनी मंडळी फार आपुलकीने बोलतात. रेषा काढण्याचा तिचा हात खरोखर हलका आहे, रेषेवरचे बिंदू (नोड) आणि त्यांना वळण देणाऱ्या दांड्या (हँडल) पकडताना फ्रीहँडची आठवण येते, आणि फ्रीहँडच्या १० व ११ (म्हणजेच एमएक्स) या आवृत्त्यांच्या फाइली ती थेट उघडते, ही तर दुर्मिळ गोष्ट आहे. पण या आवृत्तीत देवनागरीची जुळणी होतच नाही. ‘किल्ला’ लिहिले की वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरे हलन्ताचे पाय उघडे टाकून सुटी उभी राहतात. दुसरीकडे जुळवलेला मजकूर रेषांमध्ये बदलून आणता येतो, पण ज्या नकाशात दोनशे गावांची नावे आहेत आणि दर आवृत्तीला त्यातली वीस बदलतात, तिथे हा मार्ग उपयोगाचा नाही. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हाने अफिनिटीची मूळ कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून नवे अफिनिटी कॅनव्हाच्या खात्यावर मोफत मिळू लागले. माझे मत दुसऱ्या आवृत्तीपुरते आहे. नवे घेणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत ‘किल्ला’ आणि ‘पायऱ्या’ लिहून पाहावे.

इलस्ट्रेटर मराठी नीट जुळवते, मात्र त्याला ते सांगावे लागते. पसंतीच्या चौकटीत टाइप विभागात जाऊन भारतीय भाषांचे पर्याय चालू करावे लागतात आणि परिच्छेदासाठी दक्षिण आशियाई कंपोझर, म्हणजे मजकूर जुळवणारी यंत्रणा, निवडावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे ‘इलस्ट्रेटरमध्ये मराठी फुटते’ असे म्हणणारे अनेक जण मला भेटले आहेत. छपाईच्या बाबतीत त्याच्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. ज्या कार्यालयात रोज आठ तास हेच काम चालते त्यांनी ते घ्यावे, असे मी मोकळेपणाने सांगेन. मी घेतले नाही, कारण २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की माझा नकाशा पुन्हा कुलपाआड जाईल, आणि त्या अवस्थेतून मी एकदा गेलो आहे.

कोरलड्रॉ हे आप्पा बळवंत चौकाच्या परिसरातल्या डीटीपीवाल्यांचे घरचे सॉफ्टवेअर आहे. गणेश मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तके, लग्नपत्रिका, फ्लेक्स हे सर्व तिथे कोरलमध्येच होते, आणि तुमचे काम त्याच वर्तुळात फिरणार असेल तर त्याच भाषेत बोलणे सोयीचे आहे. माझे काम त्या प्रकारचे नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

शेवटी मी थांबलो ते इंकस्केपपाशी. सोडिपोडी या मुक्त प्रकल्पातून २००३ साली वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि त्याचे मूळ स्वरूप एसव्हीजी हे आहे. हे स्वरूप जागतिक वेब संघटनेने २००१ साली मानक म्हणून मंजूर केले. एसव्हीजी फाइल ही मुळात एक्सएमएलमधला मजकूर असते आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही उघडते. मी राजगडाची नवी फाइल तशी उघडून पाहिली तेव्हा ‘संजीवनी माची’ ही अक्षरे युनिकोडमध्ये जशीच्या तशी वाचता आली. उद्या इंकस्केपही बंद पडले तरी ही नावे आणि या रेषा कोणालाही वाचता येतील. पाच-सहा वर्षांपूर्वी मी इंकस्केप एकदा पाहून बाजूला ठेवले होते. मे २०२० मधल्या १.० आवृत्तीपासून त्याला मॅकवर एक्सक्वार्ट्झ या वेगळ्या प्रोग्रॅमचा आधार लागत नाही, मे २०२२ मधल्या १.२ पासून एकाच फाइलीत अनेक पाने ठेवता येतात, तीही वेगवेगळ्या आकारांची, आणि जुलै २०२३ मधल्या १.३ ने आकृत्या जोडण्या-तोडण्यासाठी शेप बिल्डर आणला. पानांच्या सोयीमुळे फ्रीहँडच्या माणसाला आपल्या घरी आल्यासारखे वाटते. पुस्तिकेतला आडवा नकाशा, त्याचीच घडीची मोठी प्रत आणि मुखपृष्ठावरचे छोटे चिन्ह आता पुन्हा एका फाइलीत शेजारी शेजारी आहेत.

माझ्या चाचणीपानावरचे सर्व शब्द इंकस्केपने पहिल्याच वेळी बिनचूक दाखवले. त्याच्या मजकुराची जुळणी पँगो आणि हार्फबझ या यंत्रणांवर चालते, आणि लिनक्सवर मराठी लिहिणाऱ्यांना त्यांची खात्री पूर्वीपासून आहे. एक बारकावा येथे नोंदवतो, कारण तो मला स्वतःला उशिरा उमगला. मराठीतला ल आणि श हिंदीतल्या ल आणि श पेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठी वळण भरलेले असते, पण मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय ते दिसत नाही. इंकस्केपमध्ये एक्सएमएल एडिटर उघडून मजकुराच्या घटकाला भाषेचा गुणधर्म ‘एमआर’ असा रोमन अक्षरांत दिला की ‘बालेकिल्ला’तले तिन्ही ल आपल्या वळणाचे होतात. शाळेत गिरवलेला ल नकाशावर पाहताना मला किती समाधान झाले, हे अक्षरांवर प्रेम करणाऱ्यालाच कळेल. ही सोय मेनूत सहज दिसेल अशा ठिकाणी असायला हवी होती.

नकाशाकाराची खरी कसोटी वळणावरच्या मजकुरात लागते. नदीचे नाव नदीच्या प्रवाहाबरोबर वळले पाहिजे. रोमन अक्षरे सुटी असल्यामुळे वळणावर ती थोडी फाकली तरी बिघडत नाही. देवनागरीला मात्र शिरोरेषा आहे. ‘गुंजवणी’ हे नाव वर फुगलेल्या वळणावर बसवले की प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे कलते आणि त्यांच्या माथ्यांमध्ये बारीक फटी पडतात. खोलगट वळणावर याच्या उलट होऊन माथे एकमेकांवर चढतात. मी यावर दोन उपाय वापरतो. पहिला असा की नदीच्या रेषेवर थेट मजकूर न बसवता तिच्याजवळून जाणारी, अधिक सौम्य वळणाची एक अदृश्य रेषा काढायची आणि नाव तिच्यावर ठेवायचे. दुसरा असा की अक्षरांमधले अंतर किंचित ऋण करायचे, म्हणजे फटी मिटतात. अंतर वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. इंग्रजी नकाशात ‘सह्याद्री’सारखे डोंगररांगेचे नाव अक्षरे दूर दूर पसरून लिहितात, ती रीत देवनागरीत आणली की शब्दाचे तुकडे होतात. डोंगररांगेसाठी मी मोठा आणि फिकट टाइप वापरतो. हे दोष इंकस्केपचे नाहीत, लिपीचा स्वभाव तसा आहे आणि फ्रीहँडमध्येही हेच करावे लागत असे.

इंकस्केपच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. धूसर छाया आणि ब्लर जास्त वापरले की पडद्यावरचे चित्र संथ होते. मेनूंची रचना फ्रीहँडपेक्षा वेगळी असल्यामुळे पहिले दोन आठवडे हात अडखळतो. सर्वांत मोठी अडचण रंगांची आहे. इंकस्केप आतून आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, विचार करते आणि त्यातून निघणारी पीडीएफ आरजीबीच असते. छापखान्याला सीएमवायके, म्हणजे निळसर (सी), गुलाबी (एम), पिवळी (वाय) आणि काळी (के) या चार शायांची मांडणी लागते. अशी पीडीएफ कोणीतरी घाईत रूपांतरित केली की नकाशावरची काळी नावे एकट्या काळ्या शाईऐवजी चारही शायांत विभागली जातात. छपाईत प्लेटी केसाएवढ्या सरकल्या तरी सात पॉइंटच्या अक्षरांभोवती निळी-गुलाबी कड उमटते आणि ‘विंझर’वरचा अनुस्वार वाचता येत नाही. माझ्या पहिल्या प्रूफवर हेच झाले. छापखान्यातले प्लेटचे काम पाहणारे गृहस्थ वयाने मोठे आणि या धंद्यात मुरलेले आहेत. त्यांनी भिंग हाती देऊन मला म्हटले, “काळा एकट्या के-मध्ये आणा आणि सगळे फाँट कर्व्ह करून द्या, मग माझी काही तक्रार नाही.”

यावर मला सापडलेला मार्ग स्क्रायबस या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधून जातो. इंकस्केपमध्ये मूळ फाइल तशीच ठेवून तिची एक प्रत करावी, प्रतीतला सर्व मजकूर पाथमध्ये (छापखान्याच्या भाषेत कर्व्हमध्ये), म्हणजे अक्षरांच्या रेखाकृतींमध्ये, बदलावा आणि ती प्रत स्क्रायबसमध्ये आणावी. आणताना चित्रातला प्रत्येक रंग स्क्रायबसच्या रंगयादीत स्वतंत्र नोंद म्हणून दाखल होतो. त्या नोंदी एकेक उघडून त्यांना सीएमवायकेचे हवे ते आकडे द्यायचे. काळ्याला के १०० आणि बाकी तिन्ही शून्य, पाण्याला सी ६० एम १५, समोच्च रेषांच्या तपकिरीला एम ४५ वाय ७० के ३०, असे माझे आकडे ठरले आहेत. समोच्च रेषा पाव पॉइंटच्या, म्हणजे जेमतेम ०.०९ मिलिमीटर जाडीच्या असतात. अशा रेषेत जितक्या कमी शाया, तितकी ती अखंड छापली जाते, म्हणून तपकिरीत निळा मी मुद्दाम ठेवत नाही. यानंतर स्क्रायबसमधून पीडीएफ-एक्स या छपाईसाठीच्या प्रकारची फाइल काढता येते, तिला ब्लीड (कापणीच्या कडेबाहेर सोडलेला रंग) आणि कापणीच्या खुणा जोडता येतात, आणि छपाईपूर्व दर्शनात एकेक शाई वेगळी पाहता येते. दुसऱ्या प्रूफच्या वेळी मी पडद्यावर केवळ काळी शाई ठेवून सर्व गावांची नावे तपासली आणि मगच फाइल दिली. ती कोणत्याही बदलाशिवाय प्लेटवर गेली.

या मार्गात एक पायरी वाढते, हे मान्य आहे. नकाशासारख्या कामात रंग दहा-बाराच असतात, त्यामुळे त्याला अर्धा तास पुरतो. मुखपृष्ठांवर शेकडो छटा असतील तर हाच मार्ग कंटाळवाणा होतो. शिवाय एसव्हीजीतले ब्लरसारखे फिल्टर स्क्रायबसमध्ये येत नाहीत. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी मी छायेचा भाग वेगळा चित्र म्हणून तयार करतो आणि अक्षरांचे सुलेखन तेवढे वेक्टर, म्हणजे रेषांच्या रूपात, ठेवतो.

राहिला प्रश्न जुन्या फाइलींचा. लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये फ्रीहँडच्या फाइली उघडण्याची सोय आहे, ही गोष्ट पुण्यातल्या अनेक जुन्या आर्टिस्टांना ठाऊक नाही, म्हणून ठळकपणे सांगतो. डॉक्युमेंट लिबरेशन या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी बंद पडलेल्या सॉफ्टवेअरांची फाइलस्वरूपे उलगडण्याचे काम चालवले आहे, त्यातून ती सोय आली. माझ्या फाइलींमधल्या साध्या रेषा आणि भरलेल्या आकृत्या तिथे उत्तम आल्या. मजकुराने मात्र अडवले. त्या काळी आम्ही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचे फाँट वापरत होतो. युनिकोडपूर्व काळातल्या अशा फाँटांत अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फाँट संगणकावर नसेल तर ‘पद्मावती’च्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते, आणि फाँट असला तरी तो मजकूर युनिकोड होत नाही.

म्हणून जुना संगणक चालू असेपर्यंत मी वेगळी पद्धत अवलंबली आहे, आणि ज्यांच्याकडे फ्रीहँड अजून सुरू होते त्यांनी हे काम याच महिन्यात उरकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक फाइलीच्या दोन पीडीएफ काढाव्यात. एकीत मजकूर पाथमध्ये बदललेला असावा, म्हणजे चित्र जसे होते तसे दिसते. दुसरीतून मजकुराचा थर काढून टाकावा, म्हणजे केवळ रेखाकाम उरते. दुसरी पीडीएफ इंकस्केपमध्ये आणावी, पहिली तिच्याखाली फिकट करून नमुना म्हणून ठेवावी आणि नावे युनिकोडमध्ये नव्याने टंकावीत. पीडीएफमधून थरांची मांडणी येत नाही, ती पुन्हा करावी लागते. सीएमवायकेचे मूळ आकडेही वाटेत हरवतात, ते फ्रीहँडच्या रंगयादीतून आधीच वहीत उतरवून ठेवावेत. राजगडाला मला चार दिवस लागले. नावे टंकताना वीस वर्षांपूर्वीच्या दोन चुकाही सापडल्या, त्यातली एक ‘पाली’च्या वेलांटीची होती.

तोरण्याचा नकाशा आता निम्मा झाला आहे. झुंजार माचीच्या बाजूचे रेखाकाम पीडीएफमधून व्यवस्थित आले, बुधला माचीच्या समोच्च रेषा मात्र जागोजागी तुटल्या आहेत. इंकस्केपमध्ये दोन टोकांचे नोड निवडून ते जोडण्याची आज्ञा दिली की रेष सांधली जाते, पण प्रत्येक सांधा डोळ्यांनी शोधावा लागतो. त्यानंतर सिंहगड आणि पुरंदर घ्यायचे आहेत. कऱ्हा नदी पुरंदरच्या पानावर आहे, आणि तिचे नाव यापुढे युनिकोडमध्ये राहील.